गप्प बसण्याचा कागद

एकतीस वर्षं मी सोलापूरच्या कोर्टाच्या आवारात बसून दुसऱ्यांच्या वतीनं ‘मी’ लिहीत आलो. ‘मी लिहून देतो की’, ‘मी लिहून देते की’. या एकतीस वर्षांत मी किती घरं विकली, किती भावांशी वाटण्या केल्या आणि किती नवऱ्यांना सोडचिठ्ठी दिली, त्याची गणती नाही. आता घरी बसल्यावर पहिल्यांदाच स्वतःच्या वतीनं ‘मी’ लिहायला घेतलंय, तर हात अडखळतोय. सारखं वाटतंय, आधी दोन साक्षीदार शोधावेत.

माझा धंदा दस्तलेखकाचा. आमच्याकडे त्याला ‘रायटर’ म्हणतात. पुस्तकं लिहितो तो लेखक आणि कागद लिहितो तो रायटर. जास्त मान कुणाला, हे बघायचं असेल तर बाजाराच्या दिवशी कोर्टात या. भिंतीला लागून पत्र्याची शेड, तिच्यात उतरतं डेस्क, खाली सतरंजी, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, झाला आमचा कारखाना. स्टँप पेपर शेजारच्या व्हेंडरकडून यायचा, मजकूर वकील तोंडी सांगायचे, आणि नसला वकील तर तो माझ्या डोक्यात तयार असायचाच. प्रत्येक कागदाला दोन माणसं लागतात, लिहून देणारा आणि लिहून घेणारा. देणारा सतरंजीवर बसतो आणि घेणारा उभा राहून घड्याळ बघतो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याखाली आम्ही एक ठरलेली ओळ लिहायचो. ‘वरील मजकूर लिहून देणारास त्याचे भाषेत मोठ्याने वाचून दाखविला व समजावून सांगितला, तो त्यास समजला व कबूल आहे.’ खाली माझी सही आणि परवाना नंबर. आता ‘त्याचे भाषेत’ हे लिहायला सोपं आहे. सोलापुरात अक्कलकोटकडचा माणूस आला की कन्नड, पूर्व भागातला विणकर आला की तेलुगू, आणि निम्मं गाव दखनी उर्दूत बोलणारं. कन्नड माझी घरची. दखनी येता-जाता कानावर पडलेली. तेलुगू मात्र मला शिव्या समजण्यापुरतीच येते.

तेलुगूसाठी मल्लेशम होता. वीस वर्षं पॉवरलूमवर काढलेला माणूस. त्या खडखडाटात वीस वर्षं बोलल्यावर माणसाला हळू बोलणं म्हणून काही राहतच नाही. तो ‘चहा घेता का?’ असं विचारायचा तेव्हा समोरच्या हॉटेलातून आपोआप दोन कप यायचे. कमरेनं साथ सोडल्यावर तो कोर्टात साक्षीदार आणि दुभाष्या म्हणून बसू लागला. माणूस लाखात एक. फक्त त्याच्या डाव्या बाजूला बसायचं असेल तर उजवा कान झाकून घ्यायचा.

आता एक वकील सांगतो, म्हणजे गोष्टीतली मंडळी पूर्ण झाली. या वकिलांना सगळं आवार मागून ‘सविस्तर वकील’ म्हणायचं. हे नाव त्यांना एका चटणीमुळे पडलं.

झालं असं, की शेंगा चटणीचे एक मोठे दुकानदार, आप्पा, त्यांच्याकडे आले. आचाऱ्यानं आपलं गुपित बाहेर फोडू नये असा कागद करून पाहिजे म्हणाले. मी दौत उघडली आणि विचारलं, ‘गुपित काय लिहू?’

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. ‘ते तुला कसं सांगू? तुला सांगितल्यावर ते गुपित कसलं ओ?’

मी वकिलांकडे बघितलं. वकील म्हणाले, ‘लिहा, जे काही गुपित आहे ते.’ मी लिहिलं, ‘मालकाचे जे काही गुपित असेल ते मी कोणास सांगणार नाही.’ आचाऱ्यानं खुशाल सही केली. वर्षाच्या आत त्यानं समोरच्याच बोळात स्वतःचं उखळ मांडलं आणि त्याच चवीची चटणी कुटू लागला. आप्पा कोर्टात गेले. न्यायाधीशांनी विचारलं, ‘तुमचं गुपित काय होतं?’ आप्पा गप्प. ‘बरं, त्यानं काय फोडलं ते तरी सांगा.’ आप्पांनी मागं भरलेल्या बाकांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘साहेब, हितं लई माणसं हायत. तुमच्या कानात सांगू का?’

दावा निकालात निघाला. न्यायाधीश म्हणाले, धंद्याचं गुपित राखायचा करार करता येतो, पण कशाबद्दल गप्प बसायचं हेच कागदात नसेल तर माणसानं गप्प बसायचं तरी कसं? वकील त्या दिवशी माझ्या शेडमध्ये येऊन बसले ते लालबुंद होऊन. ‘रायटर, मोघम कागदानं माझी अब्रू घेतली. यापुढं माझा प्रत्येक कागद सविस्तर.’ आणि खरंच, त्यानंतर त्यांनी साध्या म्हशीच्या विक्रीखतातसुद्धा म्हशीच्या शेपटीचे केस पांढरे की काळे हे लिहायला लावलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी या वकिलांनी माझ्याकडे नरसव्वाचा कागद आणला.

नरसव्वा विड्या वळणारी. पूर्व भागातली, तेलुगू बोलणारी, चाळिशीची. उंचीनं माझ्या खांद्याएवढी आणि आवाजानं माझ्या डोक्यावरून जाणारी. विड्यांचा धंदा असा असतो, की कारखान्याच्या ब्रँचमधून बाईनं पान, तंबाखू आणि दोरा घरी न्यायचा, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि दुसऱ्या दिवशी ब्रँचला नेऊन द्यायच्या. तिथं खिडकीशी चेकर बसतो. तो विड्या हातानं चाळतो आणि त्याला नापसंत पडतील त्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाट झालेल्या विडीची मजुरी नाही. म्हणजे बाईचा अख्खा दिवस चेकरच्या दोन बोटांत असतो.

या ब्रँचच्या चेकरचं नाव दत्तू. अंगात पांढराशुभ्र लेंगा-सदरा, केसांना तेल. जी बाई त्याच्याशी हसून बोलेल तिची छाट मूठभर, आणि जी खाली बघून उभी राहील तिची छाट सूपभर. मग ‘चांगली पानं निवडून घे की’ म्हणून एकटीला मागच्या गोदामात बोलवायचं आणि तिथं हात धरायचा. आता अशा गोष्टीला कायद्यात नाव आहे, त्यासाठी समित्या आहेत. तेव्हा नाव नव्हतं. बायका आपसात नुसतं ‘गोदाम’ म्हणायच्या आणि जिला कळायचं तिला कळायचं.

नरसव्वाला गोदामात बोलावणं आलं तेव्हा ती गेली, पण सूप घेऊन गेली. पुढचं काय झालं ते दत्तूच्या कपाळावर दिसत होतं. त्यानं सगळ्यांना सांगितलं, गोदामाची चौकट लागली. दुसऱ्या दिवशी नरसव्वाचं कार्ड बंद. कार्ड बंद म्हणजे पान नाही, तंबाखू नाही, काम नाही. नरसव्वा ब्रँचच्या दारात उभी राहून ओरडली, ‘मी लेबर हापिसात जाते!’ तेव्हा मॅनेजरला घाम फुटला आणि त्यानं वकिलांकडे धाव घेतली. वकिलांनी तोड काढली. कार्ड परत द्यायचं, आणि बदल्यात बाईनं तोंड उघडणार नाही असा कागद लिहून द्यायचा.

मोघम कागद आता चालणारच नव्हता. दत्तू, मॅनेजर आणि वकील तिघंही शेडमध्ये आले. वकील डोळे मिटून सांगू लागले, ‘कलम एक. चेकर दत्तू यांनी मला पानाचे गोदामात एकटीस बोलावून माझा उजवा हात धरला, याबाबत मी कोठेही वाच्यता करणार नाही. कलम दोन. मी त्यास नकार दिल्यावरून माझ्या विड्यांची छाट सलग पंधरा दिवस वाढविली, याबाबत मी कोठेही वाच्यता करणार नाही.’

मॅनेजर चुळबुळला. ‘वकीलसाहेब, एवढं कशाला लिहायचं?’

‘उद्या ही म्हणाली, हाताबद्दल गप्प बसायचं ठरलं होतं, छाटीबद्दल नाही, तर? मला पुन्हा चटणी करायची नाहीये. सविस्तर!’

कलम पाचमध्ये सूप आलं. दत्तूनं हात जोडले. ‘ते नको ना साहेब.’

‘बाई ते गावभर सांगत फिरली तर चालेल का?’

‘न्हाई.’

‘मग लिहा रायटर. सुपाने कपाळावर तीन वेळा मारले, याबाबत.’

‘दोनदा,’ दत्तू म्हणाला. मी खोडून दोनदा केलं आणि समासात त्याची सही घेतली.

अशी अकरा कलमं झाली. मी इतकी वर्षं कागद लिहितो, पण एखाद्या माणसाविरुद्ध इतकी पक्की फिर्याद मी कधी लिहिली नव्हती, आणि तीही त्याच्याच बाजूच्या वकिलानं सांगून. मनात आलं, बोलावं. पण मजकूर सांगायचा वकिलानं आणि अक्षर काढायचं रायटरनं, असा आमचा रिवाज. मी अक्षर काढलं.

मग नरसव्वा सतरंजीवर येऊन बसली. मी पॅड पुढं केलं. तिनं हात पदरात घेतला. ‘वाच आधी, अण्णा.’

खरं सांगतो, वाचून दाखवणं पुष्कळदा कागदावरच राहायचं. पण या वेळी वकीलच म्हणाले, ‘वाचाच. उद्या ही म्हणेल मला समजलं नाही. साक्षीदारांना नीट ऐकू गेलं पाहिजे. मल्लेशम, एकेक कलम तेलुगूत सांग.’

मल्लेशम उभा राहिला, घसा खाकरला, आणि मी मराठीत वाचलेलं कलम एक त्यानं तेलुगूत म्हटलं. कोर्टाच्या कौलांवरची कबुतरं उडाली. कलम संपल्यावर त्यानं नरसव्वाला विचारलं, ‘अर्थमैंदा?’ म्हणजे समजलं का?

‘ऐंदी,’ नरसव्वा म्हणाली. झालं समजून.

कलम दोनला आवारातल्या लोकांच्या माना वळल्या. कलम तीनला माणसं जवळ आली. मोहोळहून बांधाच्या दाव्यासाठी आलेले दोघं शेतकरी पुढाऱ्यांसारखे पुढं येऊन बसले. एकानं विचारलं, ‘काय वाचत्यात ओ?’ दुसरा म्हणाला, ‘गुपित हाय म्हनं.’ ‘मग जरा सरक की, दिसंना झालंय.’ पूर्व भागातल्या चार-पाच विडीवाल्या बायका दुसऱ्याच कशासाठी तरी आल्या होत्या, त्याही येऊन उभ्या राहिल्या. मॅनेजरनं मल्लेशमला हातानं खूण केली, हळू हळू. मल्लेशमनं आवाज उतरवला. म्हणजे रस्त्यापर्यंत जात होता तो आता फाटकापर्यंत जाऊ लागला.

कलम पाच आलं. सूप. मल्लेशमनं ते सांगितलं, आणि ‘दोनदा’ हा शब्द आपल्या मनानं दोनदा म्हटला. बायकांनी पदर तोंडाला लावले. सकाळीच दत्तूला कपाळाचं विचारलेला व्हेंडर म्हणाला, ‘आयला, ती चौकट न्हवती व्हय!’ आता मल्लेशमनं ‘अर्थमैंदा?’ विचारलं, तर नरसव्वाच्या आधी बायकांनीच एकसुरात सांगितलं, ‘ऐंदी!’ दत्तू व्हेंडरच्या टेबलामागं जाऊन स्टँप बघत उभा राहिला. वकील तेवढे शांत होते. कागद नियमाप्रमाणे चालला होता.

शेवटचं कलम कुणाकुणाला सांगायचं नाही याचं. वकिलांनी त्यात कुणालाही सोडलं नव्हतं. नवरा, मुलं, आई-बाप, भाऊबंद, शेजारीपाजारी, समाजाचे पंच, युनियन, पोलीस, सरकारी अधिकारी आणि कोर्ट. मल्लेशमनं यादी सांगितली. या वेळी नरसव्वा ‘ऐंदी’ म्हणाली नाही.

‘पोरीला पन न्हाई सांगायचं?’ तिनं मराठीतच मला विचारलं.

तिची पद्मा पंधरा वर्षांची होती. नरसव्वाचे गुडघे धरले होते, म्हणून पुढच्या महिन्यापासून विड्या द्यायला पद्मा जाणार होती. त्याच ब्रँचला. त्याच खिडकीशी.

‘मुलं म्हटलंय ना. मुलगी त्यात आलीच,’ वकील म्हणाले.

‘आन सांगितलं तर?’

‘तुरुंग,’ वकील म्हणाले. त्यांच्याही तोंडातून तो शब्द पटकन गेला असावा, पण मागं घ्यायला माणसं फार जमली होती.

कलमं संपत आली तसा नरसव्वानं अंगठा पॅडवर टेकवला होता. तो तसाच काळा होऊन हवेत राहिला. कार्ड पाहिजे तर अंगठा द्यायचा. अंगठा द्यायचा तर पोरीला काही न सांगता त्या खिडकीशी धाडायचं. तिनं माझ्याकडे बघितलं. ‘अण्णा, तू सांग की. तुरुंग व्हतोय का?’ मी शाईची बाटली बंद करत बसलो. मला माहीत नव्हतं असं नाही. कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून इतकी वर्षं काढली होती, थोडा कायदा पाठीतून आत गेला होताच. पण पुढचे कागद याच वकिलांकडून यायचे होते, आणि मी गप्प बसलो. याची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, ‘कुठल्या कलमाखाली तुरुंग, वकीलसाहेब?’

तो सरकारी कामगार अधिकारी होता. नवा बदलून आलेला, जेऊरकडचा, तरणा माणूस, पायात साध्या चपला. त्याचं ऑफिस समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. ‘माझ्या खोलीत बसून कलम एकपासून ऐकतोय मी,’ तो म्हणाला. ‘तेलुगू मला येत नाही, पण शेजारच्या क्लार्कला येते.’ त्यानं हात पुढं केला. मी कागद दिला.

त्यानं तो दोनदा वाचला. मग म्हणाला, ‘चटणीचा मसाला, तंबाखूचं मिश्रण, असल्या गोष्टी गुपित ठेवायचा कागद करा, माझी हरकत नाही. पण कुणी केलेली आगळीक झाकायला केलेला करार हा करारच नव्हे. करार कायदा, कलम तेवीस. आणि कोर्टात जाणारच नाही असं कुणी लिहून दिलं तर तेवढा मजकूर कोरा समजायचा. कलम अठ्ठावीस. ही बाई तिच्या पोरीला सांगू शकते, मला सांगू शकते, न्यायाधीशाला सांगू शकते. अंगठा देऊनसुद्धा सांगू शकते.’

‘मग या कागदाचा उपयोग काय?’ मॅनेजरनं वकिलांना विचारलं. बिचाऱ्यानं पहिल्यांदाच एक नेमका प्रश्न विचारला होता.

‘आम्ही दावा लावू,’ वकील म्हणाले. ‘तिनं शब्द जरी काढला तरी.’

‘लावा की,’ अधिकारी म्हणाला. ‘दाव्याला हा कागद जोडावा लागेल. तो कोर्टात वाचला जाईल. बाईला मराठी वाचता येत नाही, म्हणजे तेलुगूत सांगायला मल्लेशमलाच बोलवावं लागेल.’

मल्लेशम म्हणाला, ‘मी केव्हाही येतो.’

नरसव्वानं अंगठ्याची शाई डोक्याला पुसली आणि उठली. दोन पावलं गेली आणि वळून दत्तूला म्हणाली, ‘तीनदाच मारलं होतं रे. मला ध्यानात हाय.’ आवार हसून लोळायचं बाकी राहिलं. मोहोळच्या दोघांचा पुकारा होऊन गेला होता, तरी ते जागचे हलले नव्हते.

आठ दिवसांनी अधिकाऱ्यानं चौकशी ठेवली. एकट्या नरसव्वाला बोलावलं होतं, आल्या सव्वीस बायका. गुपित आवारात मोठ्यानं वाचलं गेल्यामुळे त्यात आता कुणाच्या अब्रूचं असं काही उरलं नव्हतं. जी ती उठून म्हणायची, ‘माजं कलम एक, दोन आन चार.’ अधिकाऱ्याला फार लिहावंच लागलं नाही. वकिलांनी अशी सोय करून ठेवली होती, की बायका नुसते आकडे सांगत होत्या.

वकील मात्र हार मानणारे नव्हते. त्यांनी पिशवीतून एक जुना कागद काढला. ‘यातली ही सायव्वा. हिनं सात वर्षांपूर्वीच लिहून दिलंय की तिची चेकरबद्दल काही तक्रार नाही. आता ती कशी बोलते?’

सायव्वा साठीची होती, कोपऱ्यात बसलेली. आतापर्यंत तिनं तोंड उघडलं नव्हतं. कागदावर अक्षर माझं होतं. लांबूनच ओळखलं मी. स्वतःचं अक्षर माणूस पाठमोरंसुद्धा ओळखतो.

‘रायटर, ही खालची ओळ तुमची?’ अधिकाऱ्यानं विचारलं. ‘तिच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवलं म्हणून?’

‘व्हय साहेब.’

‘दाखवलं होतं का?’

होय म्हटलं असतं तर विषय संपत होता. सायव्वाला आठवत असेल-नसेल, मॅनेजर बदललेला, साक्षीदार एक मेलेला. नाही म्हटलं तर खोटी ओळ लिहिल्याबद्दल परवाना जाणार. घरात पाच तोंडं. माझ्यामागं नरसव्वा बसली होती.

‘नाही साहेब,’ मी म्हणालो. ‘जेवणाची वेळ झाली होती.’

आयुष्यात मी इतकं मूर्ख वाक्य कधी बोललो नाही. पण खरं तेच होतं, त्याला मी काय करू?

निकाल थोडक्यात सांगतो. नरसव्वाला कार्ड परत मिळालं, कागद न लिहिता. छाट सगळ्या बायकांच्या देखत करायची असं ठरलं, आणि गोदामाला कुलूप लागून किल्ली एका बाईकडे आली. दत्तूला मात्र नुसतं दुसऱ्या कामावर घातलं. तो आणखी बारा वर्षं पांढऱ्या लेंग्यात हिंडला. माझा परवाना सहा महिने बंद झाला. त्या सहा महिन्यांत शुक्रवार पेठेतल्या घरात बसून मी बायकोला इतके सल्ले दिले, की शेवटी तिनंच जाऊन माझ्या परवान्यासाठी अर्ज केला. सविस्तर वकील माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. मग एक दिवस आले आणि म्हणाले, ‘रायटर, एक म्हैस विकायचीय.’

पण मला सांगायचंय ते चौकशी संपल्यावर झालं ते. बायका जिन्यानं खाली उतरत होत्या. सायव्वा पायरीवरच बसून राहिली होती. आत अधिकाऱ्यानं तिला समजावून सांगितलं होतं, की तिचा कागदही पहिल्या दिवसापासूनच फुकट होता. मी शेजारून जाताना तिनं माझं धोतर धरलं.

‘तवापासूनच फुकट हुता?’

‘व्हय अव्वा.’

‘मग मी सात वर्सं गप्प कशाला बसले रे?’ ती म्हणाली. ‘सून आली घरात. तिला त्याच ब्रँचला लावलं मी. सांगावं म्हनून रोज तोंडापतुर यायचं. मग अंगठा आठवायचा. म्हनलं, अंगठा दिलाय, सरकारात लिवलंय, आता बोलले तर घरादाराला घेऊन जातील.’ तिनं आपला अंगठा माझ्यापुढं धरला आणि बघत राहिली. ‘सुनेला पन गोदामात बोलावलंच की त्यानं.’

मी खाली बसलो. तिनं पदराखालून तो कागद काढला. अधिकाऱ्यानं तिचा तिला दिला होता.

‘वाच,’ ती म्हणाली. ‘काय दिलं हुतं मी लिवून, ऐकू दे एकदा.’

वाचला. चटणीच्या आधीचा कागद, म्हणून मोघमच होता. ‘चेकर यांचेशी जो काही प्रकार घडला असेल त्याबाबत’ असं. मोडक्या तेलुगूत आणि मराठीत, शब्द शब्द सांगत गेलो. ती मान हलवत होती. प्रकार म्हणजे काय, विचारलं नाही. एका ओळीशी तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

‘हे काय वाचलंस?’

‘स्वखुशीने लिहून देते, असं.’

‘म्हंजे?’

‘म्हणजे... तुम्ही आपल्या खुशीनं दिलंत. कुणी जबरदस्ती केली नाही.’

ती जराही चिडली नाही. एखाद्या अनोळखी माणसाला पत्ता विचारावा तसं तिनं विचारलं, ‘मी खुश हुते म्हनून हे तुला कुनी सांगितलं?’

तो शब्द मी प्रत्येक कागदात घालायचो. हात आपोआप लिहून जायचा. सात वर्षांपूर्वी त्या दुपारी तिच्या तोंडाकडे मी एकदा तरी बघितलं होतं का, हे आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

‘कुणीच नाही अव्वा,’ मी म्हणालो. ‘माझं मीच लिहिलं.’